टायटॅनिक बुडालीच नसती तर?

शेतातून दमून आला असाल, चूल पेटवत असाल किंवा गटाच्या बैठकीत सगळ्या मिळून रेडिओ ऐकत असाल, तर जरा जवळ येऊन बसा. आज आपण एका बोटीची गोष्ट करणार आहोत.

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीनंतर चहा उकळत होता. एका ताईंची बारावीतली लेक कोपऱ्यात बसून मोबाइलवर टायटॅनिकचा सिनेमा बघत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "ही बोट बुडालीच नसती तर काय झालं असतं?" एक वहिनी म्हणाल्या, "तर सिनेमा निघाला नसता, आणि तू अभ्यास केला असतास." सगळ्या हसल्या. पण तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. त्याला एक कारणही होतं. गेल्या आषाढात आमचीही एक बोट बुडता बुडता राहिली होती. ती हकिकत शेवटी सांगू. आधी टायटॅनिककडे जाऊ.

टायटॅनिक ही इंग्रजांच्या व्हाइट स्टार लाइन नावाच्या कंपनीची बोट. आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात बांधलेली, त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी. १० एप्रिल १९१२ ला ती इंग्लंडच्या साउदम्प्टन बंदरातून अमेरिकेतल्या न्यूयॉर्कला जायला निघाली. तिची ती पहिलीच फेरी. १४ एप्रिलला, रविवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ती हिमनगाला, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाच्या डोंगराला घासली. २ वाजून २० मिनिटांनी बुडाली. तीन तासही लागले नाहीत. बोटीवर सुमारे २,२०० माणसं होती. त्यांतली सुमारे १,५०० गेली. पाणी इतकं गार होतं की पोहता येणाऱ्यालाही त्यात फार वेळ तग धरता येईना.

जीव वाचवायला बोटीवर होड्या होत्या २०. त्यांत मिळून जागा १,१७८ माणसांची. म्हणजे जवळजवळ अर्ध्या लोकांना जागाच नव्हती. आणि ऐका, यात कंपनीनं कायदा मोडला नव्हता. इंग्लंडचा कायदा १८९४ सालचा. दहा हजार टनांच्या वरच्या बोटीला १६ होड्या पुरेत, असं त्यात म्हटलं होतं. टायटॅनिक होती ४६ हजार टनांची. बोटी वाढत गेल्या, कायदा होता तिथेच राहिला. कागद अगदी बरोबर होता, आणि माणसं मेली.

आता त्या मुलीचा प्रश्न. बोट बुडाली नसती तर?

ती वाचणं अगदीच अशक्य नव्हतं. एक उदाहरण सांगतो. टायटॅनिकची एक थोरली बहीण होती, ऑलिंपिक नावाची, तशीच बांधलेली. २० सप्टेंबर १९११ ला हॉक नावाच्या लढाऊ जहाजाची आणि तिची धडक झाली. ऑलिंपिक दुरुस्तीला परत बेलफास्टला आली. टायटॅनिकवर काम करणारे कारागीर तिकडे लावावे लागले. त्यामुळे टायटॅनिकची पहिली फेरी २० मार्चला ठरली होती ती १० एप्रिलवर गेली. तीन आठवडे आधी निघाली असती तर तो हिमनग तिच्या वाटेत आला नसता. एका बोटीला खोक पडली म्हणून दुसरीची तारीख बदलली.

दुसरं उदाहरण. त्या रात्री कॅलिफोर्नियन नावाची एक बोट जवळपासच उभी होती. बर्फ लागला म्हणून ती रात्रीपुरती थांबली होती. तिच्यावर बिनतारी संदेशाचं यंत्र होतं, पण ते चालवणारा माणूस एकच. त्यानं टायटॅनिकला कळवलं, आम्ही बर्फात अडकून थांबलोय. टायटॅनिकवरचा माणूस प्रवाशांचे खासगी निरोप पाठवण्यात गुंतला होता. ते निरोप पैसे देऊन पाठवलेले, आणि त्यांचा ढीग साचलेला. त्यानं त्याला गप्प राहायला सांगितलं. कॅलिफोर्नियनवरच्यानं रात्री साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद केलं आणि झोपला. दहा-पंधरा मिनिटांत टायटॅनिक धडकली. तिच्या मदतीच्या हाका त्याला ऐकूच गेल्या नाहीत. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कार्पेथिया बोटीवरचाही माणूस झोपायच्याच तयारीत होता, पण त्याचं यंत्र अजून चालू होतं. त्यानं ऐकलं. कार्पेथिया रात्रभर जोरात आली आणि पहाटे चारला पोचली. होड्यांतली सातशेच्या आसपास माणसं तिनं उचलली. रेडिओ चालू असणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्या रेडिओ ऐकणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

बोट बुडाली नसती तर जग किती बदललं असतं? काही लोक फार मोठं बोलतात. अमुक श्रीमंत जगला असता, मग पैशाचा कारभार बदलला असता, मग महायुद्ध टळलं असतं, असं. आम्हाला ते पटत नाही. १९१४ चं महायुद्ध एका बोटीनं ओढवलं नव्हतं आणि एका बोटीनं टळलं नसतं. टायटॅनिकचं काय झालं असतं हे पाहायचं तर तिच्या बहिणीकडे पाहावं. ऑलिंपिक युद्धात सैनिकांची ने-आण करायला घेतली गेली. तिनं सुमारे दोन लाख सैनिक वाहिले. पुढे १९३५ पर्यंत चालली आणि मग भंगारात गेली. आज तिचं नाव किती जणांना माहीत आहे? बुडाली नसती तर टायटॅनिकचंही बहुधा तेच झालं असतं. काही वर्षं मोठेपणा, मग युद्धाचं काम, मग भंगार. तिच्यावर सिनेमा निघाला नसता, त्या वहिनींचं बरोबरच होतं.

पण ज्या घरांतली माणसं गेली त्यांचा इतिहास नक्की बदलला असता. विल्यम स्टेड नावाचे एक इंग्रज संपादक त्या बोटीवर होते. लहान मुलींना देहविक्रीत ढकललं जातं, हे त्यांनी १८८५ साली वर्तमानपत्रात छापून सरकारला हलवलं होतं. त्यानंतर तिथल्या कायद्यात मुलींच्या संमतीचं वय १३ वरून १६ झालं. ते अमेरिकेत शांततेसाठी भरणाऱ्या सभेत बोलायला चालले होते. ते बुडाले. ॲनी फंक नावाच्या एक अमेरिकन बाई आजच्या छत्तीसगडमधल्या जांजगीर इथे मुलींची शाळा चालवत. आई आजारी असल्याची तार आली म्हणून त्या रेल्वेनं मुंबईला आल्या आणि बोटीनं निघाल्या. इंग्लंडहून त्यांचं तिकीट दुसऱ्या बोटीचं होतं. कोळसा खाणीतल्या संपामुळे ती बोट सुटेना, म्हणून त्यांना टायटॅनिकवर जागा दिली गेली. त्याही गेल्या. त्या काळी आपल्याकडे मुलींना शिकवणारी माणसं किती थोडी होती ते आठवा, म्हणजे एक बाई जाणं म्हणजे काय ते कळेल.

आणि साउदम्प्टन. बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारे, भांडी घासणारे, वाढपी, खलाशी, यांतले बहुतेक त्या एका गावचे. त्या कोळसा संपामुळे आधीच कित्येक आठवडे बोटी थांबल्या होत्या, घरात पैसा नव्हता. टायटॅनिकवर काम मिळालं तेव्हा घरोघरी आनंद झाला होता. मग बातमी आली. त्या एका गावातली पाचशेच्या वर माणसं गेली. वर, त्या काळचा रिवाज असा की बोट बुडाली त्या क्षणापासून पगार बंद. लोकांनी वर्गणी काढून मोठा निधी जमवला, तो विधवांना दर आठवड्याला वाटला जाई. पण किती मिळणार ते नवऱ्याच्या हुद्द्यावर. अधिकाऱ्याच्या बायकोला जास्त, भट्टीवाल्याच्या बायकोला कमी, पोरं दोघींनाही तेवढीच असली तरी. शिवाय बाई नीट वागते ना, दारू पीत नाही ना, हे पाहायला माणसं घरी येत, आणि तक्रार झाली तर पैसे थांबत. हे वाचून आमच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "आपला स्वतःचा पासबुकावरचा पैसा असता, तर कुणाची बिशाद होती घरात डोकवायची?" बोट बुडाली नसती तर या बाया विधवा झाल्या नसत्या. पण एका कमाईवर, शिल्लक शून्यावर उभं असलेलं त्यांचं घर तसंच असतं. बोटीनं ते घर एका रात्रीत उघडं पाडलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टायटॅनिक बुडाल्यानंतर नियम बदलले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेनं रेडिओचा नवा कायदा केला. मोठ्या बोटीवर यंत्राशी दिवसरात्र माणूस हवा, असं ठरलं. उत्तर अटलांटिक समुद्रात बर्फावर पहारा सुरू झाला, तो आजही चालतो. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला अनेक देश जमले आणि समुद्रावरच्या माणसांच्या जिवाचा करार झाला. बोटीवर जितकी माणसं तितक्यांना होडीत जागा. होड्या सोडायचा सराव करायचा. धोक्याची हाक ऐकायला कान उघडा हवा. लगेच युद्ध पेटल्यानं तो करार लांबला, पण १९२९ साली तो पुन्हा नव्यानं झाला, आणि आजचे नियम त्याच्याच पोटातून आलेले.

मग बोट बुडाली नसती तर हे नियम झाले असते का?

याचं उत्तर अंदाजानं द्यायला नको, इतिहासातच आहे. टायटॅनिकच्या तीन वर्षं आधी, २३ जानेवारी १९०९ ला, त्याच कंपनीची रिपब्लिक नावाची बोट अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळली. आदळताना काही जण दगावले. पण बोट लगेच बुडाली नाही. बिनतारी यंत्रावरून मदत मागितली, दुसऱ्या बोटी आल्या, आणि दोन्ही बोटींवरची मिळून दीड हजाराच्या आसपास माणसं होड्यांच्या फेऱ्या करून सुखरूप हलवली. दुसऱ्या दिवशी रिकामी रिपब्लिक बुडाली.

आता यातून धडा काय घ्यायचा? होड्या कमी होत्या, समुद्र शांत नसता तर काय झालं असतं, हा एक धडा. पण जगानं घेतला दुसराच. लोक म्हणाले, बघा, आता बोटी इतक्या मजबूत झाल्यात की बुडायला वेळ लागतो. आता बिनतारी यंत्र आहे. होड्या सगळ्यांना पुरायला नकोतच. त्या फक्त या बोटीवरून त्या बोटीवर माणसं नेण्यापुरत्या. १९१० साली अमेरिकेनं कायदा केला की ५० च्या वर माणसं असलेल्या बोटीवर रेडिओ हवा. पण तो रात्रंदिवस ऐकायला माणूस हवा, हे काही त्यात घातलं नाही. रिपब्लिकवर माणसं वाचली, आणि त्या वाचण्यानंच सगळ्यांना गाफील केलं.

म्हणून आमचं म्हणणं असं. टायटॅनिक हिमनगाच्या बाजूनं निसटून गेली असती, तर न्यूयॉर्कला बँड वाजला असता. होड्या २० च राहिल्या असत्या. १८९४ चा कायदा तसाच राहिला असता. आणि पुढे कधी तरी, कुठल्या तरी दुसऱ्याच नावाच्या बोटीनं तोच हिशेब चुकता केला असता. बोट वाचली असती, चूक नव्हे.

याला पुरावा म्हणून धाकट्या बहिणीकडे बघा. ब्रिटानिक. टायटॅनिकनंतर तिचा आराखडा बदलला, दुहेरी भिंती घातल्या, होड्या वाढवल्या. युद्धात ती दवाखान्याची बोट झाली. २१ नोव्हेंबर १९१६ ला ग्रीस देशाजवळ पाण्यातल्या सुरुंगावर आदळली आणि ५५ मिनिटांत बुडाली. टायटॅनिकपेक्षा किती तरी लवकर. तरी हजाराच्या वर माणसं वाचली, ३० गेली. दिवस होता, पाणी गार नव्हतं, जमीन जवळ होती, हेही खरं. पण होड्याच नसत्या तर? व्हायोलेट जेसप नावाची एक कामगार बाई या तिन्ही बहिणींवर होती. ऑलिंपिकची धडक झाली तेव्हा होती, टायटॅनिकवर होती, ब्रिटानिकवर परिचारिका होती. तिन्ही वेळा वाचली. प्रवाशांच्या खोल्या आवरणं हे तिचं काम. एवढं होऊनही ती पुन्हा बोटीवरच कामाला गेली. पोटाला दुसरा इलाज असतोच असं नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. टायटॅनिक बुडून नऊच दिवस झाले होते. २४ एप्रिल १९१२. ऑलिंपिक साउदम्प्टनहून निघणार होती. कंपनीनं घाईघाईनं तिच्यावर जास्तीच्या घडीच्या होड्या आणून ठेवल्या. भट्टीवाल्यांनी त्या बघितल्या आणि म्हणाले, या जुन्या, कुजक्या आहेत, यांच्यावर आमचा भरवसा नाही. अडीचशेहून जास्त कामगार बोटीवरून उतरले. होड्या पाण्यात सोडून तपासल्या, तर एकीत पाणी शिरलं. कंपनीनं बदली कामगार आणले, तेव्हा खलाशीही उतरले. ५४ जणांवर बंडाचा खटला झाला. कोर्टानं गुन्हा मानला, पण शिक्षा काही दिली नाही, आणि पुढे त्यांना कामावर घेतलं. महिनाभर आधी ते असं बोलले असते तर त्यांचं कोण ऐकणार होतं? कामचुकार म्हणून हाकललं असतं. होडी कुजकी आहे हे कामगाराला आधीही दिसत होतं. त्याचं ऐकून घ्यायला १,५०० माणसं जावी लागली.

नियम आला म्हणजे सगळं नीट झालं, असंही नाही. अमेरिकेत शिकागो शहरात ईस्टलँड नावाची बोट होती. ती आधीपासूनच डोलायची, सगळ्यांना माहीत होतं. टायटॅनिकनंतरच्या नव्या नियमासाठी तिच्यावर वरच्या मजल्यावर आणखी होड्या आणि तराफे चढवले. वरचं वजन वाढलं. २४ जुलै १९१५ ला एका कारखान्याचे कामगार बायकापोरांसह सहलीला निघाले. बोट धक्क्यालाच बांधलेली असताना कलंडली. ८४४ माणसं गेली, काही कुटुंबं तर समूळ. टायटॅनिक बुडाली नसती तर कदाचित ही माणसं जगली असती. हेही सांगायला हवं. वरून आलेला नियम आपल्या बोटीला कसा बसतो हे बघितलं नाही, तर औषधच विष होतं.

आता बायकांचं. टायटॅनिकवर आधी बायका-मुलांना होडीत घ्या असा हुकूम होता, हे सिनेमात तुम्ही पाहिलंय. खरंच आहे ते. पण आकडे बघा. पहिल्या वर्गातल्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ७६. तिसऱ्या वर्गातली ७९ मुलं होती, त्यांतली २७ वाचली. होड्या वरच्या मजल्यावर, गरिबांच्या खोल्या खाली. वाट माहीत नाही, कित्येकींना इंग्रजी कळत नाही, सराव कधी झालेला नाही. पहिल्या होड्या तर अर्ध्या रिकाम्या गेल्या. एका होडीत ४० ची जागा, बसले १२. म्हणजे "बायका आधी" हा हुकूमसुद्धा ज्या बाईला वाट माहीत होती तिच्यापर्यंतच पोचला.

त्या वेळी इंग्लंड-अमेरिकेत बायका मताचा हक्क मागत होत्या. विरोध करणारे म्हणू लागले, पुरुष तुमच्यासाठी बुडून मरतात, मग तुम्हाला मत कशाला हवं? बायका थांबल्या नाहीत. ४ मे १९१२ ला, टायटॅनिक बुडून तीन आठवडेही झाले नव्हते, न्यूयॉर्कमध्ये त्यांनी भला मोठा मोर्चा काढला. इंग्लंडमध्ये काही बायकांना १९१८ ला मत मिळालं, अमेरिकेत १९२० ला देशभर. बोट बुडाली नसती तरी ते मिळालंच असतं. ते बायकांनी मिळवलं, बोटीनं दिलं नाही.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं झालं. आपल्या किनाऱ्यावर काय झालं? १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. त्या दिवशी अमावस्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रामदास नावाची बोट रेवसला निघाली. घरी सणाला चाललेली माणसं, बाजारहाट केलेली, पोराबाळांसकट. वादळी पावसात ती काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबई जवळ होती, पण बातमी पोचायला कित्येक तास लागले. रेवसकडच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून जमेल तितक्यांना वाचवलं. टायटॅनिकला तेव्हा ३५ वर्षं झाली होती. लंडनचे ते करार एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या बोटींसाठी होते. मुंबई-रेवससारख्या तासा-दोन तासांच्या फेरीपर्यंत त्यांची सावली पोचली नव्हती. नियम आधी तिथे पोचतात जिथे वर्तमानपत्रं बघत असतात. आपल्या फेरीपर्यंत ते आपल्यालाच ओढून आणावे लागतात.

आणि आता आमची हकिकत. आमच्या भागात धरणाचं पाणी पसरलंय. बँक, बाजार, मोठा दवाखाना सगळं पलीकडे. जायला लाँच. गेल्या आषाढात आमच्या तीन गटांच्या बायका कर्जाच्या कागदांवर सह्या करून परत येत होत्या. लाँचमध्ये माणसं भरपूर, वर खताची पोती, दोन शेळ्या. मध्यावर इंजिन बंद पडलं. वारा सुटला, लाँच आडवी झाली, पाणी आत आलं. ज्यांच्या हाताला डबे लागले त्यांनी डब्यांनी, बाकीच्यांनी ओंजळीनं पाणी उपसलं. लाइफ जॅकेट होती, पण ती पेटीत, आणि पेटीला कुलूप. किल्ली काठावरच्या टपरीत. पाऊण तासानं इंजिन सुरू झालं. काठाला लागल्यावर सगळ्यांनी हात जोडले, नारळ फोडला आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तीच लाँच, तेवढीच माणसं, तेच कुलूप.

कुणी मेलं नाही, म्हणून कुठं नोंद झाली नाही. महिन्याभरानं बैठकीत विषय काढला तर एक आजी म्हणाल्या, "चांगलं घडलं ते कशाला उकरता? देवानं तारलं." दुसरी म्हणाली, "लाँच बंद केली तर बाळंतीण कशी न्यायची?" दोघींचंही खोटं नव्हतं. आम्हीही गप्पच बसलो होतो. त्या मुलीनं तो प्रश्न विचारला, आम्ही हा सगळा इतिहास वाचून काढला, आणि मग आमच्या लक्षात आलं. आमची लाँच म्हणजे रिपब्लिक. माणसं वाचली, आणि आम्ही गाफील झालो.

मग पुढच्या बैठकीत त्या आजींनाच आम्ही विचारलं, "देवानं एकदा तारलं, दर खेपेला त्यालाच कामाला लावायचं का?" आजी हसल्या आणि अंगठा उठवायला पुढे आल्या. अर्ज लिहिला. लाँच बंद करा असं त्यात कुठंही म्हटलं नाही. चार गोष्टी मागितल्या. पेटीचं कुलूप काढा. माणसं मोजून घ्या. पोती वेगळ्या फेरीला न्या. इंजिन तपासल्याची तारीख पाटीवर लिहा. १३२ बायकांच्या सह्या आणि अंगठे घेऊन तो ग्रामसभेत वाचला. लाँचच्या सारंगालाही आधी जाऊन भेटलो. तो म्हणाला, "ताई, मीच किती वेळा सांगितलं, माझं कोण ऐकतं?" साउदम्प्टनचे भट्टीवाले आठवले.

आज कुलूप निघालंय. जॅकेट बाकावर ठेवलेली असतात, पण ती निम्म्या माणसांनाच पुरतात. बाकीची येणार आहेत असं कळवलंय, अजून आलेली नाहीत. पोती कधी वेगळी जातात, कधी नाही. पाटी लागायची आहे. तेव्हा आमचं काम झालं असं आम्ही म्हणत नाही. दर सोमवारी धक्क्यावर गटातली एक जण उभी राहते आणि माणसं मोजते. ज्या दिवशी जास्त होतात त्या दिवशी तारखेसह वहीत लिहिते.

त्या वहीला आम्ही "थोडक्यात वाचलो" असं नाव दिलंय. फक्त लाँचच नाही, इतरही लिहितो. अंगणवाडीच्या छताचा तुकडा पडला, पोरं नुकतीच उठून गेली होती. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात पदर अडकला, फाटला म्हणून वाचली. वडाप जीपचं चाक घाटात निखळलं. गटाचा हिशेब एकाच बाईच्या हाती होता, रक्कम चुकली, पण वेळेत सापडली. यांतल्या एकाही गोष्टीची बातमी झाली नाही. म्हणूनच त्या लिहायच्या.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीला एवढंच विचारा, या वर्षात आपण कुठे थोडक्यात वाचलो? जे निघेल ते सचिव ताईंना तारखेसह लिहायला सांगा. त्यातलं एक निवडा, आणि त्याच्यासाठी कुणाकडे जायचं, कोण जाणार, कोणत्या दिवशी, ते तिथंच ठरवा. काय निघालं ते आपल्या रेडिओ केंद्राला कळवा. आम्ही ते पुढच्या भागात वाचून दाखवू.

टायटॅनिक बुडाली, हे आपल्याला बदलता येत नाही. आपली लाँच अजून चालू आहे. सोमवारी सकाळी नऊला सुटते.